एक सेक्टर घ्या आणि तोच घासा : रिजनल एअरलाइनच्या पायलट इंटरव्ह्यूची तयारी

माझा पहिला इंटरव्ह्यू अकरा मिनिटांत आटोपला. समोर दोन कॅप्टन आणि एचआरच्या एक बाई. मी कोचिंगवाल्यांची नऊशे प्रश्नांची बँक तोंडपाठ करून गेले होते. प्रश्न पुरा व्हायच्या आत पर्याय 'क' जिभेवर यायचा. थोरल्या कॅप्टननी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला, त्यावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "आमचा कुठलाही एक सेक्टर घ्या. उद्या सकाळी तुम्हीच जाताय. बोला."

मी म्हटलं, मुंबई–दिल्ली.

ती कंपनी मुंबई–दिल्ली उडवतच नव्हती. तिच्याकडे सगळी पंखेवाली विमानं. धाकट्या कॅप्टननी खिडकीबाहेर पाहिलं. त्यानंतरचे प्रश्न नुसते उपचार होते.

आज मी एटीआरवर, म्हणजे अशाच एका पंखेवाल्या विमानावर, कॅप्टन आहे आणि अधूनमधून टेबलाच्या पलीकडे बसते. दरवेळी दहातले सहासात जण माझ्यासारखेच येतात: पाठांतर चोख, पण कंपनी कुठे उडते, कशावर उडते, तिथे पाऊस कधी पडतो, याचा पत्ता नाही. म्हणून मला कोणी तयारी कशी करू विचारलं की मी एकच सांगते. त्या कंपनीच्या बुकिंगच्या पानावर जा, तिची गावं कागदावर उतरवा, त्यातला एक सेक्टर निवडा आणि तो पंधरा दिवस घासा. हवामान, परफॉर्मन्स, नियम, इंजिन बंद पडणं, इंधन, सगळं त्या एका सेक्टरवर बसवून पाहा. प्रश्न कुठूनही आला तरी उत्तर द्यायला पायाखाली जमीन असते.

नुसतं असं सांगून कळत नाही, म्हणून एक करूनच दाखवते.

मोपा–जळगाव, कागदावर

हा सेक्टर मी मुद्दाम घेतला. फ्लाय ९१ या कंपनीने मार्च २०२४मध्ये गोव्यातल्या मोपाच्या मनोहर विमानतळावरून एटीआर ७२-६०० घेऊन सेवा सुरू केली आणि जळगाव तिच्या अगदी सुरुवातीच्या गावांपैकी. तुम्ही दुसरीकडे अर्ज करत असाल तर तिथला सेक्टर घ्या, पण निवडताना असाच घ्या की ज्याची दोन टोकं एकमेकांसारखी नाहीत. इथे एका टोकाला कोकणच्या पठारावरची ऐसपैस धावपट्टी, दुसऱ्या टोकाला खानदेशात जेमतेम १७०० मीटर, मध्ये सह्याद्री.

नकाशावर सरळ रेघ मारा. खरा मार्ग तसा जात नाही, पण विचार करायला रेघ पुरते. ती जवळजवळ कोल्हापूरवरून जाते, अहिल्यानगर डाव्या हाताला ठेवते, संभाजीनगर उजव्या हाताला, आणि जळगावात उतरते. साधारण ३३० सागरी मैल. एटीआर २७० नॉटच्या आसपास धावतं, म्हणजे सव्वा तास, वर चढउताराची थोडी मिनिटं.

आता या रेघेला प्रश्न विचारायला लागा.

लेव्हल, म्हणजे शेकडा फुटांत मोजलेली उंची, कुठली? ट्रॅक (जायची दिशा) साधारण ०१८ अंश, पूर्वेच्या बाजूचा, म्हणजे विषम: १७० किंवा १९०. परतताना सम. पॅनेलवर हा प्रश्न मी नेहमी विचारते आणि दर वेळी कोणीतरी 'एटीआर ३५० ला' म्हणतं. एटीआर ७२ची कमाल मर्यादा २५,००० फूट आहे. तुम्ही ज्या कंपनीच्या दारात उभे आहात तिचं विमान किती उंच जातं हे माहीत नसणं म्हणजे मुलगी बघायला जाऊन तिच्या बहिणीचं नाव घेण्यासारखं.

उतरायला कधी लागायचं? १९,००० वरून जळगावच्या सुमारे ८४० फुटांवर यायचंय. हजार फुटांना तीन मैल धरले तर ५४ मैल, वेग कमी करायला आणखी पाच. संभाजीनगर ते जळगाव पासष्टएक मैल आहे. म्हणजे संभाजीनगर मागे पडलं की काही मिनिटांत खाली निघायचं. हे उत्तर आकड्यात देणारे खूप भेटतात. "सर, संभाजीनगर मागे टाकलं की" असं म्हणणारा उमेदवार मला वर्षातून एकदा भेटतो.

माझे वडील कराड डेपोत एसटीवर ड्रायव्हर होते. कराड–चिपळूण, कुंभार्ली घाट. ते म्हणायचे, उतरताना लागणारा गिअर माथ्यावरच टाकायचा, उतारावर शोधायचा नाही. स्टेबलाइज्ड अप्रोच (धावपट्टीकडे येताना वेग-उंची वेळेआधीच जागेवर असणं) म्हणजे काय, असं मला इंटरव्ह्यूत विचारलं तेव्हा मी आधी पुस्तकातली व्याख्या सांगितली आणि मग हे सांगितलं. पॅनेल हसलं, आणि त्यानंतरचे प्रश्न जरा सैल झाले. तुमच्या घरात असा घाट असेल तर तो वापरा. नसेल तर उसना आणू नका, लगेच कळतं.

इंधन. एटीआर ७२ला तासाला ७०० किलो धरून चाला, ढोबळ आकडा आहे पण इंटरव्ह्यूला पुरतो. वाटेला हजार किलो, त्यावर ५ टक्के कंटिन्जन्सी (अडीअडचणीसाठी), संभाजीनगरला वळायची वेळ आली तर अडीचशे-तीनशे, आणि फायनल रिझर्व्ह, म्हणजे शेवटचा राखीव साठा. इथे सेसनावर, म्हणजे पिस्टन इंजिनाच्या छोट्या प्रशिक्षण विमानावर, वाढलेली पोरं हमखास घसरतात आणि ४५ मिनिटं म्हणतात. ४५ पिस्टनला. टर्बाइन इंजिनाला ३० मिनिटं, पर्यायी विमानतळावर १५०० फुटांवर होल्डिंगच्या (घिरट्या घालत थांबायच्या) वेगाने. बेरीज करा: टॅक्सी सोडून सतराशेच्या आसपास येते. बेरीज तोंडी करता आली पाहिजे, मोबाइलकडे हात जाता कामा नये.

महाबळेश्वरच्याही वर

आता मे महिना आणा. ज्यासाठी मी हा सेक्टर निवडला ते इथे आहे, म्हणून जरा थांबते.

जळगाव, दुपारचे तीन, तापमान ४४. हे काही अतिशयोक्तीचं नाही, तिथे मेमध्ये त्याच्याही वर जातं. क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००४ धरा. डेन्सिटी अल्टिट्यूड किती, म्हणजे हवा किती उंचीवरच्याइतकी विरळ?

व्याख्या सगळ्यांना येते. करून दाखवताना बहुतेक जण थेट ८४० फुटांपासून सुरू करतात. क्यूएनएच प्रमाण दाबापेक्षा, म्हणजे १०१३पेक्षा, ९ने कमी आहे. हेक्टोपास्कलला तीसच्या जरा आत फूट धरले तर सुमारे २६०. म्हणजे प्रेशर अल्टिट्यूड आधीच ११०० झाली. ११०० फुटांवर प्रमाण तापमान असायला हवं सुमारे १३ अंश. आहे ४४. फरक ३१, गुणिले अंशामागे १२० फूट, म्हणजे ३७०० च्या जरा वर. बेरीज ४८०० फूट.

महाबळेश्वर १३५३ मीटरवर आहे, म्हणजे ४४४० फूट. जळगावच्या उन्हात उभं असलेलं विमान महाबळेश्वरच्याही वर उभं आहे असं इंजिनाला आणि पंखाला वाटतं. आणि धावपट्टी तीच १७००.

इथवर आलात की पॅनेल विचारणारच, "मग काय कराल?" यावर "सर, परफॉर्मन्स चार्ट बघेन" हे उत्तर नाही, ती पळवाट आहे. चार्ट बघून काय निघेल ते सांगा: टेकऑफचं वजन मर्यादित होईल, कदाचित धावपट्टीच्या लांबीने, कदाचित एका इंजिनावर चढण्याच्या क्षमतेने. मग काही सामान मागे राहील, किंवा काही सीट रिकाम्या जातील, किंवा इंधन तेवढंच घ्यायचं जेवढं लागतं, गोव्यात स्वस्त मिळालं तरी टँकरिंग करून, म्हणजे तिथूनच जास्तीचं भरून, जळगावला जड होऊन उतरायचं नाही. किंवा कंपनीने वेळच सकाळची ठेवावी. हे शेवटचं म्हणणाऱ्या लातूरच्या एका मुलीला आम्ही त्याच बैठकीत मनातल्या मनात हो म्हटलं होतं. गंमत म्हणजे ती आधी क्यूएनएचची दुरुस्ती विसरली होती. उत्तर देऊन झाल्यावर दोन सेकंद थांबली, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, चुकलं माझं. प्रेशर घेतलंच नाही. परत करते." परत केलं. चूक लपवून पुढे गेली असती तर आम्हाला कदाचित कळलंही नसतं. पण जी कॉकपिटमध्ये "चुकलं, परत करते" म्हणू शकते तिच्या शेजारी मी डोळे मिटून नाही, पण निवांत बसेन.

पावसाळ्यात उलटं

जुलैमध्ये तोच सेक्टर उलटा करा, जळगावहून मोपा. आता उष्णता नाही, पण मोपाचं पठार ढगात. कोकणातल्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात सड्यावर ढग कसा बसून राहतो. पर्यायी विमानतळ कुठला? दाबोळी, म्हणून सगळे मोकळे होतात. दाबोळी तिथून पंचवीस मैलांच्या आत आहे. ज्या ढगाने मोपा झाकलं तो दाबोळीवर उन्हाळा ठेवेल का? आणि दाबोळी नौदलाचा तळ आहे हे विसरू नका. कागदावर चालेल, डोक्याने नाही. बेळगावही घाटमाथ्याच्या जवळ. म्हणून पावसाच्या आडोशाला असलेलं, घाटाच्या पुरतं पूर्वेकडचं काहीतरी हवं, आणि तेवढं इंधन जळगावहूनच घ्यायला हवं. आता उन्हाळ्यातली ती १७०० मीटरची गोष्ट आठवा. इंधन वाढवलं की वजन वाढलं. एक सेक्टर घासायचा म्हणते ते यासाठी, धागे एकमेकांत अडकलेले असतात.

याच सेक्टरवर बर्फही भेटतो. महाराष्ट्रात बर्फ म्हटलं की हसतात. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साधारण १८,००० फुटांच्या आसपास असते आणि तुम्ही नेमके १८०ला ओल्या ढगात. एटीआर आणि आइसिंग (विमानावर बर्फ साचणं) हा विषय पॅनेलचा लाडका आहे, कारण ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेत रोझलॉनजवळ अमेरिकन ईगलचं ४१८४ हे एटीआर ७२ आइसिंगमुळे कोसळलं, ६८ जण गेले. त्यानंतर पंखांवरचे डी-आइसिंग बूट, म्हणजे फुगून बर्फ फोडणाऱ्या रबरी पट्ट्या, रुंद केले गेले. तुम्हाला टाइप रेटिंग (त्या विमानासाठीची खास पात्रता) नसेल तर बुटांचा क्रम कोणी विचारणार नाही, पण आइसिंगमध्ये किमान वेग का वाढवावा लागतो आणि ऑटोपायलट लावून बर्फात निवांत बसणं धोक्याचं का, हे सांगता यायलाच हवं.

मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, तोंडी वाचायची सवय करा. मोपाची धावपट्टी १०-२८, म्हणजे साधारण १०० आणि २८० अंशांची. वारा २३० वरून २० नॉट. २८ वर उतरायचंय, कोन ५०. आडवा वारा १५, समोरचा १३. हे चहा पिता पिता सुटलं पाहिजे. आणि रिपोर्टेड आरव्हीआर (धावपट्टीवर किती लांबचं दिसतं ते) मिनिमापेक्षा, म्हणजे ठरलेल्या किमान आकड्यापेक्षा, कमी असेल तर विमानतळाच्या उंचीपासून हजार फुटांच्या खाली अप्रोच चालू ठेवायची नाही. "बघतो जाऊन, नाही दिसलं तर गो-अराउंड" हे उत्तर ऐकलं की माझ्या शेजारचे कॅप्टन पेन खाली ठेवतात.

इंजिन बंद

हा प्रश्न येणार म्हणजे येणार. व्ही-वननंतर, म्हणजे ज्या वेगानंतर टेकऑफ सोडता येत नाही त्यापुढे, उजवं इंजिन गेलं, बोला.

यात घाई करणारा नापास. आधी कोण उडवतंय ते सांगा. मग विमान सरळ ठेवणं, रडर, पिच, वेग. एटीआरवर एटीपीसीएस नावाची व्यवस्था असते; ती जिवंत इंजिनाची ताकद आपोआप वाढवते आणि मेलेल्या इंजिनाचा पंखा आपोआप फेदर करते, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला कडेने धरते. म्हणजे पहिल्या काही सेकंदांत तुमच्या हाताचं काम कमी आणि डोळ्यांचं जास्त. दोघांनी मिळून ओळखायचं, मोठ्याने म्हणायचं, लिव्हरवर हात ठेवून दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायची, मगच हलवायचा.

'खात्री' हा शब्द मी का धरून बसते ते सांगते. ४ फेब्रुवारी २०१५ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या २३५ या एटीआरचं दोन नंबरचं इंजिन उड्डाणानंतर लगेच आपोआप फेदर झालं. ते एका इंजिनावर व्यवस्थित उडू शकलं असतं. कॅप्टनने चालू असलेल्या एक नंबरचा लिव्हर मागे घेतला आणि पुढे तेच बंद केलं. ४३ जण गेले. १५ जानेवारी २०२३ला पोखऱ्यात यती एअरलाइन्सच्या ६९१वर फ्लॅप्सऐवजी पंखा आणि इंधन सांभाळणारे कंडिशन लिव्हर फेदरला गेले, दोन्ही पंख्यांची ताकद गेली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. ७२ माणसं. दोन्ही चौकशी अहवाल नेटवर आहेत, पूर्ण वाचा, यूट्यूबवरचा ॲनिमेशनचा व्हिडिओ पाहून येऊ नका. अहवाल वाचलेला माणूस तपशील सांगतो. व्हिडिओ पाहिलेला सगळ्यात आधी "पायलट एरर" म्हणतो.

एटीआरचं बाकी किती यावं? टाइप रेटिंग असेल तर सगळं. नसेल तर एवढं पुरे: प्रॅट अँड व्हिटनी १२७एम इंजिन, सहा पात्यांचा पंखा, टेकऑफचं कमाल वजन २३,००० किलो, कमाल वेग यंत्रावर दिसणारा २५० नॉट (वरच्या विरळ हवेत खरा वेग त्याहून जास्त असतो, म्हणून मघाचे २७०). आणि एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा देणारं छोटं इंजिन, नाही. हे 'नाही' महत्त्वाचं. जमिनीवर वीज आणि हवा हवी तर उजवं इंजिन पंखा ब्रेकने धरून चालू ठेवतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात. उजवंच का? कारण प्रवासी आणि सामान, दोन्ही दारं डावीकडे. प्रवासी मागच्या दारानं चढतात म्हणून शेपटाखाली टेकू लावतात. पुढच्या वेळी एटीआरने प्रवास कराल तेव्हा जिन्यापाशी अर्धा मिनिट रेंगाळा आणि हे सगळं डोळ्यांनी बघा. ग्राउंड स्टाफ ओरडेल, ओरडू दे.

कागद

फाइल आदल्या आठवड्यात लावा. सीपीएल (व्यावसायिक पायलटचा परवाना), एफआरटीओएल आणि आरटीआर (रेडिओवर बोलायचे परवाने), क्लास वन मेडिकल, आयआर (नुसत्या उपकरणांवर उडवायची पात्रता), इंग्रजी प्रवीणतेची लेव्हल, बारावीची फिजिक्स-मॅथ्सची गुणपत्रिका, पासपोर्ट. प्रत्येकाची मुदत एका चिठ्ठीवर. इंग्रजीची लेव्हल ४ तीन वर्षांसाठी असते हे विसरून आलेले दोघे मी परत जाताना पाहिलेत.

लॉगबुक मात्र वेगळं प्रकरण. तिथे आम्ही खरंच वेळ घालवतो. पांढरी शाई दिसली की मी पान उजेडाकडे धरते. मागच्या वर्षी एका मुलाच्या वहीत जूनमधली नोंद होती, भारतीय वेळेनुसार पावणेसातचं धुळ्याचं लँडिंग, रकाना रात्रीचा. जूनमध्ये धुळ्याला पावणेसातला सूर्य मावळलेलाही नसतो. मी काही बोलले नाही, फक्त विचारलं, "त्या दिवशी धावपट्टीचे दिवे कसे दिसत होते?" तो लाल झाला. 'पार्कर पेनचे तास', म्हणजे न उडता नुसते वहीत लिहिलेले, हा शब्द आमच्यात उगाच नाही. वडील ड्यूटी संपल्यावर डेपोत लॉगशीटवर सही करायचे, किलोमीटर एकदा वाचून, एकदा परत वाचून. तुमच्या वहीत चूक झाली असेल तर एक रेघ मारून शेजारी खरं लिहा आणि सही करा. खोडलेली चूक चालते, पुसलेली नाही. बेरजा डीजीसीए या नियामक संस्थेच्या ईजीसीए पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवून घ्या, आणि सीपीएलला लागणारे शंभर तास पीआयसी (विमान स्वतःच्या जबाबदारीवर), पन्नास तास क्रॉस-कंट्री, ३०० मैलांचं ते एक उड्डाण कुठल्या पानावर आहे ते तुम्हाला माहीत असू द्या. त्या उड्डाणाची गोष्ट विचारली जाते.

नियमांचं वाचन ताजं ठेवा. कायदा कुठला, असं विचारलं की अजूनही लोक १९३४ म्हणतात. १ जानेवारी २०२५पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू आहे. एफडीटीएलमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या तासांच्या नियमांत, साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, १ जुलै २०२५पासून. रात्रीच्या लँडिंगच्या मर्यादाही बदलल्या. त्यात सवलती-स्थगितीचं काय चाललंय ते इंटरव्ह्यूच्या आठवड्यात डीजीसीएच्या साइटवर स्वतः बघा, सिनिअरने फॉरवर्ड केलेल्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका. दारू: उड्डाणाआधी १२ तास नाही आणि तपासणीत शून्य. हे सांगताना हसू नका.

"एअरबस कधी?"

एचआरच्या बाई तासभर गप्प बसतात आणि शेवटी एवढंच विचारतात. "एअरबस मिळाली तर आम्हाला सोडून कधी जाणार?"

"कधीच नाही" असं कोणी म्हणालं तर आम्ही एकमेकांकडे बघतो. "लहानपणापासून आकाशाचं वेड" हे तर मी त्या अकरा मिनिटांत स्वतः म्हटलं होतं, त्यामुळे त्यावर काही बोलायचा अधिकार मला नाही. खरं उत्तर असं काहीतरी असतं: पुढे जेटवर जायला आवडेल, पण आत्ता दिवसाला चार टेकऑफ, चार लँडिंग, छोट्या धावपट्ट्या आणि हाताने उडवायला मिळणारं विमान हवंय, बॉन्ड (ठरावीक वर्षं कंपनी न सोडण्याचा करार) वाचलाय, एवढी वर्षं इथेच आहे. बॉन्ड खरंच वाचा. आणि प्रशिक्षणाचे पैसे कोण भरणार, किती काळात फेडायचे, हे पॅनेललाच सरळ विचारा. विचारणाऱ्याला कोणी नापास करत नाही.

उडान या, छोट्या गावांना विमान देणाऱ्या सरकारी योजनेवर दोन वाक्यं तयार ठेवा. पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ला शिमल्याहून दिल्लीला गेलं, त्याच दिवशी नांदेड–हैदराबादही सुरू झालं. निम्म्या सीटना भाड्याची मर्यादा, तूट सरकार काही वर्षं भरून देतं. आणि ती मदत संपल्यावर गावाचं विमान टिकतं का, हा खरा प्रश्न. नांदेडकरांना विचारा. त्यावर तुमचं मत असेल तर सांगा, पॅनेलमधले लोक याच चिंतेत पगार घेतात.

एक व्यावहारिक सूचना. "अमुक लाख द्या, सीट पक्की" म्हणणारा माणूस तुम्हाला भेटेल, बहुधा फ्लाइंग क्लबच्या कॅन्टीनमध्येच. त्याला चहा पाजा आणि निघा.

सिम

सिम चेक, म्हणजे सिम्युलेटरमधली चाचणी, सगळीकडे होतोच असं नाही, आणि झाला तर तुमच्या ओळखीच्या विमानावर होईल असंही नाही. रॉ डेटा आयएलएस (मार्गदर्शक यंत्रणेशिवाय नुसत्या काट्यांवर धावपट्टीकडे येणं), होल्डिंगमध्ये शिरणं, एक इंजिन गेलं. पिच आणि पॉवरचे तीनचार आकडे मागून घ्या, सिममध्ये बसायच्या आधी इन्स्ट्रक्टर देतात. नाही उडवता आलं नीट तर चालतं. शेजाऱ्याला न सांगता बटण दाबलेलं चालत नाही. तासभर पैसे भरून सराव करायचा असेल तर करा, दहा तास नको; त्या पैशात आईला विमानाने कुठेतरी घेऊन जा.

त्या दिवशी सकाळी

आदल्या रात्री नवीन काही वाचू नका. मैत्रिणीला किंवा भावाला समोर बसवा, त्याला विमानातलं काही कळत नसेल तर उत्तमच, आणि तुमचा सेक्टर मराठीत समजावून सांगा. मराठीत सांगताना जिथे अडाल तिथे तुम्हाला इंग्रजीतही कळलेलं नाही. माझ्या दुसऱ्या इंटरव्ह्यूच्या आधी मी हे आईला सांगितलं होतं, भाकऱ्या थापता थापता ती ऐकत होती. फेदर म्हणजे काय सांगताना मी उलथनं आडवं-उभं करून दाखवलं. ती म्हणाली, मग वारा अडवेल तो आडवाच की. तिला कळलं होतं.

सकाळी उठल्यावर मोबाइलवर दोनच गोष्टी बघा: तुमच्या सेक्टरच्या दोन्ही टोकांचा मेटार आणि नोटम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना). दुसऱ्या वेळी मी बसमध्ये उभी राहून ते पाहिलं होतं. आत गेले, बसले, बूट टेबलाच्या पायाला लागला, सॉरी म्हटलं. पॅनेलमधले कॅप्टन फाइल उघडत होते. वर न बघता म्हणाले, "तुमचा आवडता सेक्टर कुठला?" मी सांगितला. "बरं. आत्ता तिथे काय हवा आहे?"

मी सांगितली. सकाळी साडेआठची, वाऱ्यासकट. त्यांनी फाइल मिटली आणि कोरा कागद पुढे केला.